उत्तरेच्या बांधावरचा करार

तेश्कोको सरोवराच्या पूर्वेला उजाडले तेव्हा, जिची पांढरी देवळे पाहून दूरदूरचे वकील बोलायचे विसरत त्या अ‍ॅझटेकांच्या राजधानीवर, तेनोच्तित्लानवर, धुराचा मळकट थर पसरला होता. स्पॅनिश फौजेने आणि तिला मिळालेल्या सरोवराकाठच्या गावांनी घातलेल्या वेढ्याला पंचाहत्तर दिवस झाले होते. गोड्या पाण्याचा पाट शत्रूने आरंभीच फोडला होता. लोक सरोवराचे खारट पाणी पीत, ढालींचे कातडे उकडून खात, आणि देवीच्या साथीतून वाचलेले भुकेने मरत.

शत्रूचे घोडे येऊ नयेत म्हणून, सरोवरातल्या या नगराला काठाशी जोडणारा उत्तरेचा बांध मधोमध खणला होता. त्या मोर्चाचा सरदार इत्झकोयोत्ल साठीला टेकला होता. त्याच्या आजाच्या तरुणपणी हे नगर शेजाऱ्यांना खंडणी देई. बापाच्या काळात ते घेऊ लागले. आणि त्याने स्वतः चाळीस वर्षे गावोगावचे तरुण जिवंत पकडून देवळाच्या पायऱ्यांवर बळीसाठी आणून उभे केले होते. आता त्या साऱ्याचा त्याला अभिमान वाटत नव्हता आणि लाजही वाटत नव्हती; फक्त थकवा होता.

खंदकापलीकडे तेकपात आला. तो काठच्या एका मांडलिक गावाचा प्रमुख, आता शत्रूच्या बाजूने साठ होड्यांनिशी लव्हाळ्यांतली वाट अडवून बसलेला. रोज सकाळी तो शरण येण्याचा निरोप घेऊन येई, आणि रोज नकार घेऊन परत जाई.

"सरदार, आजही तेच उत्तर का?"

"आज माझेच एक मागणे आहे," इत्झकोयोत्ल म्हणाला. "माझ्या पेठेत तीनशे बायका-मुले उरली आहेत. दुपारी आपल्या होड्या एक प्रहर लव्हाळ्यांतून मागे घ्याव्यात. ती निघून जातील."

"आणि मोबदला?"

"अकरा वर्षांपूर्वी आपल्या धाकट्या भावाला ज्याने केसांना धरून कैद केले, तो मीच. तो देवळाच्या पायऱ्या चढला तेव्हा मी खाली उभा होतो."

तेकपात खंदकाच्या कडेपर्यंत पुढे आला. मग म्हणाला, "हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी हा मोर्चा मागून घेतला."

"तर मग मी दुपारी निःशस्त्र येतो."

राजसभेचा हुकूम स्पष्ट होता: जो नगर सोडील किंवा सोडू देईल, तो फितूर. इत्झकोयोत्लने फक्त मुलीला, शिलोनेनला, सांगितले. तिच्या कडेवर तान्हे मूल होते.

"बाबा, लोक तुम्हाला फितूर म्हणतील. माझ्या मुलाने आजोबांचे नाव कसे घ्यायचे?"

"नाव नाही घेतले तरी चालेल. आधी तो जगू दे," म्हातारा म्हणाला. "बायकांना गोळा कर. रडणाऱ्या मुलांची तोंडे फडक्याने झाक. माझ्याकडे वळून पाहू नकोस."

दुपारी त्याने गरुडपिसांचा जुना युद्धवेश चढवला, खंदकावर एक फळी टाकली आणि उन्हात, मोकळ्या हातांनी, पलीकडे निघाला. एवढा मोठा सरदार शरण येतो आहे, ही आरोळी छावणीभर गेली. तोफांवरचे, होड्यांवरचे, सारे पाहायला धावले. मागून त्याच्याच सैनिकांनी "फितूर! फितूर!" म्हणत दगड मारले. एक खांद्यावर बसला. तो थांबला, श्वास घेतला, आणि उरलेली फळी आणखी हळू चालला, कारण जितका वेळ तो चालेल तितका वेळ कोणी लव्हाळ्यांकडे पाहणार नव्हते.

तेकपातच्या हातात काचदगडाची सुरी होती. समोर आलेल्या माणसाच्या नडग्या काठ्यांसारख्या झाल्या होत्या. ओठ मिठाने फुटले होते. सुरी वर उठली आणि तशीच राहिली.

"अकरा वर्षे मी एका दांडग्या योद्ध्याची वाट पाहिली," तेकपात म्हणाला. "आपण उशिरा आलात. बसा. पाणी प्या."

बायका-मुलांच्या चाळीसपैकी छत्तीस होड्या पलीकडच्या काठाला पोचल्या. शिलोनेनची त्यांत होती. चार होड्या स्पॅनिश गलबतांनी बुडवल्या. पाचव्या दिवशी नगर पडले, सम्राट कैद झाला, आणि इत्झकोयोत्लचे नाव त्याच्या मोर्चावरचे जे थोडे वाचले त्यांनी कधी घेतले नाही.

पावसाळा सरल्यावर नव्या धन्यांनी जुनी देवळे पाडून आपली घरे बांधायला काढली. स्पॅनिशांच्या बाजूने लढून जिंकलेली गावे आणि हरलेले नगर, दोघांनाही वेठीला धरले गेले. बांधावरून तुळया ओढणाऱ्यांच्या रांगेत इत्झकोयोत्ल होता. एका सकाळी त्याचा पाय घसरला. मागून कोणीतरी येऊन दोर खांद्यावर घेतला. तो तेकपात होता.

"आज आपल्या गावाची पाळी नाही," इत्झकोयोत्ल म्हणाला.

"माहीत आहे," तेकपात म्हणाला, आणि ओढू लागला.