दाराकडे तोंड केलेले बूट

स्की शिक्षिका नोझुए रित्सुच्या डाव्या पायाची दोन बोटं थंडीने काळी पडली होती. ती वाचतील की कापावी लागतील, ते दवाखान्यातले डॉक्टर आठवड्याने सांगणार होते. युकिहारा गावाने मात्र दोनच दिवसांत निकाल लावून टाकला. दोषी कोण, तर म्हातारा तातेनो कान्झो.

कान्झो चाळीस वर्षं स्की शिक्षकांचे बूट बसवून देत आलेला. रित्सुच्या बुटांत तळव्याखाली बॅटरीवर गरम होणारी तार त्यानेच घातली होती. परवा बर्फाच्या वादळात, डोंगरमाथ्यावर बारा मुलांना सांभाळताना तिच्या डाव्या बुटातली ऊब गेली. खाली आल्यावर पाहिलं तर आतली तार तुटलेली. ‘म्हाताऱ्याचा सुरा घसरून तार अर्धी कापली गेली असणार,’ असं स्की शाळेच्या अध्यक्षांनी लिहून टाकलं. आज दुपारी चारला कान्झोने मिकुरिया सराईत सगळ्यांसमोर जमिनीला कपाळ टेकून माफी मागायची आणि दुकानाला टाळं लावायचं, असं ठरलं होतं.

हे ऐकून गुरांचे डॉक्टर कुझे यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कान्झो त्यांचा बालमित्र. त्यांनी नागानोहून खासगी गुप्तहेर इसुरुगीबाईंना बोलावून घेतलं.

बाईंनी आधी कान्झोचं दुकान गाठलं. तुटलेल्या तारेचं टोक भिंगाखाली धरलं.

"आजोबा, तार कशाने कापता?"

"सुऱ्याने. कात्रीने तार चेपते, म्हणून कात्री मी दुकानात ठेवतच नाही."

बाईंनी भिंग कुझेंच्या हातात दिलं. टोक दोन्ही बाजूंनी चेपलेलं होतं.

"म्हणजे काय झालं?" कुझेंनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही आता चारपर्यंत तोंड उघडायचं नाही. आजोबा, आदल्या संध्याकाळी बूट कुठे होते?"

"सराईच्या तळघरात, वाळवणीच्या खोलीत. सगळ्या शिक्षकांचे तिथेच असतात. मी स्वतः खुंट्यांवर उलटे टांगले. खाली ठेवले की ओल धरतात, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला मी ओरडून ओरडून शिकवलंय."

रित्सु घरी पाय उशीवर ठेवून पडली होती.

"सकाळी बूट चटईवर होते," ती म्हणाली. "छान जोडीने, दाराकडे तोंड करून. पाय घातले नि निघाले. खोलीच्या उबेने कोमटच होते, त्यामुळे वर जाईपर्यंत काही कळलं नाही. बॅटरीचा दिवाही लागलेला. आणि त्या अध्यक्षांना सांगा, आजोबांना वाकायला लावलंत तर मी ह्याच पायाने तिथे येईन!"

यंदा शाळेचं प्रमुखपद तिला मिळणार होतं, नाहीतर सराईच्या मालकीणबाई सायो यांच्या मुलाला, एइताला.

सराईत पाहुणे मोजके होते. मोलकरीण नव्हती, सगळं सायोबाई एकट्या पाहत. एइता आला तो बूट भिरकावतच, एक इकडे, एक तिकडे.

"प्रमुखपद मला हवंय," तो म्हणाला, "पण असं नको. रित्सु माझ्याहून सरस आहे."

"काहीतरीच बोलतोस!" सायोबाईंनी बोलता बोलता वाकून त्याचे बूट जुळवले, दाराकडे वळवले. मग कुझेंचेही वळवले. "त्या म्हाताऱ्याची कात्री घसरली, त्यात तुझा काय दोष?"

"तुम्ही वाळवणीच्या खोलीत गेला होतात?" इसुरुगीबाईंनी विचारलं.

"ह्या गुडघ्यांनी? यंदाच्या हिवाळ्यात तो जिना मी उतरलेच नाही."

चार वाजता दिवाणखाना भरला. कान्झोने हात जमिनीवर टेकले. कुझेंना ते बघवेना.

"आजोबा, थांबा," इसुरुगीबाई म्हणाल्या. "आधी चहा येऊ दे."

उंबऱ्याबाहेर त्यांनी वर्तमानपत्रावर रित्सुचे बूट ठेवले होते, तोंड भिंतीकडे करून. सायोबाई चहा घेऊन आल्या, गुडघ्यांवर बसल्या, तबक खाली ठेवलं, बूट जुळवून दाराकडे वळवले आणि पुन्हा तबक उचललं. सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नाही.

"वादळाच्या आदल्या रात्रीही तुम्ही असंच केलंत," इसुरुगीबाई म्हणाल्या.

सायोबाई पेले वाटू लागल्या. "इथे सगळेच बूट वळवतात!"

"आपापले. दुसऱ्याचे बूट वळवायची सवय सराईवाल्यांच्या हाताला असते, आणि ह्या सराईत ते हात एकच आहेत. शिक्षकाने काम उरकून बूट परत खुंटीवर टांगले असते. तुमच्या हाताने ते निघणाऱ्या पाहुण्यासाठी मांडले."

"सवय म्हणजे पुरावा नव्हे!"

"नव्हेच. पण अख्खं गाव सुरा म्हणत होतं. कात्री एकट्या तुम्ही म्हणालात. तार कात्रीनेच कापलीय, आणि आजोबांच्या दुकानात कात्री नाही. जिना न उतरता हे तुम्हाला कसं कळलं?"

सायोबाईंनी एइताकडे पाहिलं. तो आईकडे बघायला तयार नव्हता.

"ह्या घरातले तीन पुरुष प्रमुख झाले," त्या शेवटी म्हणाल्या. "वाटलं, गारठली की शिकवणी टाकून खाली येईल, तिचं नाव मागे पडेल. बोटं जातील असं कुठे वाटलं होतं?"

"बारा मुलांना वादळात टाकून येईल?" कुझे कडाडले. "तुम्ही तिला ओळखलंच नाहीत! आणि हे सगळं ह्या म्हाताऱ्याच्या माथी मारून चहा वाटत फिरता?"

अध्यक्षांनी आपला तो आरोपाचा कागद गुपचूप घडी करून खिशात घातला.

"बाहेर काढा तो," इसुरुगीबाई म्हणाल्या. "मोठ्याने वाचून फाडा. आरोप सगळ्यांसमोर केला होतात ना?"

अध्यक्षांनी वाचला आणि फाडला.

कान्झो उठला. तो दाराशी पोचायच्या आत सायोबाई धावत पुढे गेल्या, वाकल्या आणि त्याचे झिजलेले बूट वळवायला त्यांनी हात पुढे केला.

"माझ्या बुटांना हात लावू नका," कान्झो म्हणाला, आणि त्याने ते स्वतः वाकून वळवले.