फळ्यामागची भेग

त्या उन्हाळ्यात माझं काम एवढंच होतं, की तोडकामाचा ब्रेकर आणि वर्गातला तास एका वेळी चालू नयेत.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी बारामतीत खोली घेऊन राहत होते. लासुर्ण्याच्या पुढे, इंदापूरच्या बाजूला असलेल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मार्चमध्ये तिथल्या जुन्या विज्ञान इमारतीची दुरुस्ती निघाली आणि प्राचार्यांनी मला समन्वयक नेमलं. आज कुठे तोडकाम आहे ते सकाळी ठेकेदाराला विचारायचं, त्याप्रमाणे वर्ग हलवायचे, मुलींचं स्वच्छतागृह बंद असेल तर ऑफिसशेजारचं उघडून घ्यायचं, धूळ बसू नये म्हणून तराजूंवर फडकी टाकायची. माझी नेमणूक तीस एप्रिलपर्यंत होती. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, हे प्राचार्यांच्या हातात होतं.

ठेकेदार अविराज इंदापूरचा. वय तिशीच्या आत, तोंडात कायम बडीशेप. "मॅडम, तुमचा तास संपला की माझा सुरू," तो म्हणायचा. "फरक एवढाच, की माझ्या तासाला कोण झोपत न्हाय."

दुसरे होते महिपती आबा, प्रयोगशाळेचे परिचर. एकतीस वर्षं नोकरी झालेली, जूनमध्ये निवृत्त होणार. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्या कमरेला असे. उपकरणांच्या कपाटाची माझ्या पर्समध्ये.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या पूर्व भिंतीला तीन भेगा होत्या. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात ती आकसते आणि भिंती फाटतात. नीरा डाव्या कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं, आजूबाजूचा ऊस भिजला, की जमीन फुगते आणि भेगा मिटतात. भागातल्या कुणालाही हे विचारलं तरी तो सांगेल. पाहणीला आलेल्या संरचना अभियंत्यांनीही तेच सांगितलं आणि भेगांवर लक्ष ठेवायला सांगून ते पुण्याला गेले.

लक्ष ठेवायची पद्धत सोपी आहे. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची, तिची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला चिकटवायची. भिंत हलली की काच तडकते. मी वनस्पतिशास्त्राकडून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आणल्या. प्लास्टर कालवलं की दहा मिनिटांत दगड होतं, म्हणून आबा कालवायचे आणि मी चिकटवायची. भेगांना अ, ब, क अशी नावं दिली. शिवाय रोज दुपारी एक वाजता व्हर्नियर कॅलिपरने भेगेची रुंदी मोजून वहीत लिहू लागले. तारीख, वेळ, जागा, वाचन. वही आणि व्हर्नियर दोन्ही कपाटात.

एक एप्रिलला सुरुवात केली. सात तारखेला, सोमवारी, वही उघडली तर सहा तारखेच्या नोंदी भरलेल्या होत्या.

सहा तारखेला रविवार होता. कॉलेज बंद होतं.

मी आकडे इंग्रजीत लिहिते. हे देवनागरीत होते, निळ्या शाईने, बारीक आणि सरळ. नऊचा आकडा जुन्या वळणाचा. अ, ब, क यांच्यासमोर वाचनं, आणि शेवटी एक ओळ: 'शून्य त्रुटी +०.१ वजा केली आहे.'

मी व्हर्नियर काढला, जबडे मिटवले आणि खिडकीत धरून पाहिलं. शून्यासमोर शून्य येत नव्हतं. ०.१ मिलिमीटर पुढे होतं. आठवडाभर माझी सगळी वाचनं तेवढ्याने चुकली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी हेच तपासायला शिकवतो.

"आबा, रविवारी तुम्ही आला होता का?"

"म्या? म्या सुप्याला होतो. भाचीचं लगीन." त्यांनी वही लांब धरून पाहिली. मग चष्मा लावून पाहिली. बराच वेळ पाहिली. "रीडिंग बरोबर हायेत का?"

"बरोबर आहेत."

"मग असूं द्या की," म्हणून ते बादली भरायला गेले.

माझी चुकलेली वाचनं मी व्हाइटनरने पुसायला घेतली, तेवढ्यात ते परतले आणि त्यांनी माझ्यासमोरची बाटली उचलून खिशात टाकली. "पुसायचं न्हाय मॅडम. एक रेघ मारायची, वर नवं लिवायचं, शेजारी सही. ह्या लॅबची रीत हाय ती."

मी तसं केलं.

आठ तारखेला कालव्याला पाणी आलं. दोन दिवसांत भेगा आवळू लागल्या. अ २.४ वरून २.१. ब, क याही तशाच घटल्या. प्राचार्य खूश झाले. सतरा तारखेला, गुरुवारी, तृतीय वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच प्रयोगशाळेत होती. बावीस विद्यार्थी, बाहेरचे परीक्षक, दगडी ओट्यांवर समतल करून ठेवलेले वर्णपटमापक. ते हलवले तर पुन्हा जुळवायला दिवस जातो. परीक्षा पुढे ढकलली तर निकाल लांबतो आणि मुलांचे पुढचे प्रवेश अडकतात. भेगा मिटत असताना हे करायचं कारण नव्हतं.

दहा तारखेला महावीर जयंतीची सुट्टी. अकराला वही उघडली. दहाच्या नोंदी भरलेल्या. या वेळी चार ओळी होत्या.

'ड. फळ्यामागे, वर. ४.६.'

पूर्व भिंतीवर मोठा काळा फळा आहे. सागवानी चौकटीचा, आठ बोल्टांनी भिंतीत घट्ट केलेला. बोल्टांवर रंगाचे थर चढलेले. पाना लागलेल्या कुठल्या खुणा नव्हत्या. त्यामागे कागदही सरकत नव्हता, मग व्हर्नियर कुठून जाणार?

मी कपाटाचं कुलूप बदललं. नवी किल्ली एकच होती. ती मी गळ्यातल्या साखळीत अडकवली.

तेरा तारखेला रविवार, चौदाला आंबेडकर जयंती. मंगळवारी, पंधराला, मी कपाट उघडलं. रविवारच्या नोंदी होत्या. अ १.७, ब १.५, क १.९. ड ७.२.

सोमवारची जागा कोरी होती.

हे मला सगळ्यात जास्त विचित्र वाटलं. आतापर्यंत एकही सुट्टी चुकली नव्हती. मी आबांना ते दाखवलं. ते ओट्याला टेकून उभे राहिले.

"चौदा एप्रिलला सर कधीच यायचे न्हाईत," ते म्हणाले. "रविवार म्हणू नका, दिवाळी म्हणू नका, लॅबमधी हजर. पण चौदाला लासुर्ण्यात. सकाळी विहारात, सांजच्याला मिरवणुकीत लेझीम. साठी झाली तरी लेझीम."

"कोण सर?"

"ज्ञानदेव सर. प्रॅक्टिकल घ्यायचे. ह्या भागातल्या दोन पिढ्यांना व्हर्नियर बघाय त्यांनीच शिकिवलं." त्यांनी वहीतल्या नऊवर बोट धरलं, पण टेकवलं नाही. "जाऊन अकरा वर्षं झाली."

माझ्याकडे आकडे होते, म्हणून मी कागद घेऊन भिंतीचा उभा छेद काढला. अ, ब, क तिन्ही भेगा खाली, माणसाच्या हाताला येतील अशा. त्या मिटत होत्या. ड वर, छताजवळ. ती उघडत होती. पायाखालची जमीन एका बाजूने फुगत असेल, तर भिंत खाली आवळेल आणि वरून बाहेर कलेल. खालची वाचनं बघणाऱ्याला ती रोज अधिक सुरक्षित वाटेल.

आम्ही सगळे खाली बघत होतो.

अभियंत्यांना फोन केला. ड चं वाचन कुणी घेतलं, असं त्यांनी विचारलं. वहीत आहे, एवढंच मी सांगितलं. परीक्षेनंतर येऊन बघतो, म्हणाले.

बुधवारी सकाळी वही उघडली तेव्हा गुरुवारच्या ओळी भरलेल्या होत्या.

'१७ एप्रिल. ११.२०. अ, ब, क, ड: वाचन शक्य नाही.'

मी वही घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी आधी मलाच बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. महिनाभर धूळ, तक्रारी आणि पालकांचे फोन झेलून थकले होते.

"योगिनी, उद्या बाहेरचे परीक्षक येणार. पुढच्या आठवड्यात पाहणीला समिती. ही वही त्यांच्यासमोर जाणार आहे. कुणीतरी खोडी केली आहे. हे पुसून टाका आणि तुमची वाचनं ठेवा."

"सर, पुसता येणार नाही."

"का?"

"आबांनी सांगितलंय. वाचन पुसायचं नाही. एक रेघ मारून शेजारी सही. आणि सही करायची तर ते चूक आहे हे मला माहीत पाहिजे. मला माहीत नाही."

त्यांनी वही माझ्याकडून घेतली. या वेळी वाचली नाही, नुसती पाहिली. त्यांचा अंगठा जुन्या वळणाच्या नऊवर थांबला. ते याच महाविद्यालयात शिकले होते, हे मला तेव्हा आठवलं.

"माझं जर्नल त्यांनी तीनदा परत केलं होतं," ते म्हणाले. "शून्य त्रुटी लिहिली नाही म्हणून."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"तुम्हाला फळा काढून बघायचाय. मी तसं सांगितलेलं नाही. मागे काही निघालं नाही, तर तुम्ही तुमच्या मनाने काढला, असं मला लिहावं लागेल. ते लिहिल्यावर पुढच्या वर्षी मी तुम्हाला ठेवू शकणार नाही."

"हो सर."

"चार वाजता सगळे चहाला जातात," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

चार वाजता अविराज परांचीवर चढला. "आठ बोल्ट म्हणजे आठ चहा, मॅडम," तो म्हणाला. बोल्ट गंजलेले होते. प्रत्येकावर रंगाची पापडी फोडावी लागली. पाचव्या बोल्टापर्यंत त्याचे विनोद संपले. आठवा निघाला तेव्हा आम्ही तिघांनी फळा पेलून खाली घेतला.

मागची भिंत जुन्या फिक्या हिरव्या रंगाची होती. वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग उतरली होती. तिच्यात माझी करंगळी गेली. तिच्यातून बाहेरच्या उजेडाचा दोरा दिसत होता.

भेगेवर आडवी एक काचपट्टी होती. मधोमध तुटलेली.

अविराज परांचीवरून उतरला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

आबांनी वर चढून काचेच्या टोकाच्या प्लास्टरला हात लावला. मग बोट माझ्यासमोर धरलं. बोट पांढरं झालं होतं.

"ओलं हाय," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही बावीस संच ग्रंथालयाच्या वाचनकक्षात हलवले. प्राचार्य स्वतः सोडियमचे दिवे उचलायला आले. खिडक्यांना चादरी लावल्या. आबा रात्री उशिरापर्यंत एकेक वर्णपटमापक समतल करत बसले. इमारतीभोवती अविराजने दोरी बांधली आणि कामगारांना गुरुवारी सुट्टी दिली.

परीक्षा दहाला सुरू झाली. वाचनकक्षात फक्त पानांचा आवाज होता. मी एका मुलीचं वाचन तपासत होते तेव्हा पायाखालची फरशी एकदा हलली. नंतर आवाज आला. फार मोठा नव्हता. खडीचा डंपर रिकामा करावा तसा, आणि लांबत गेलेला.

मी घड्याळ पाहिलं नाही. त्या मुलीने पाहिलं.

"मॅडम, अकरा वीस," ती म्हणाली. कुणीतरी विचारल्यासारखं.

पूर्व भिंत बाहेरच्या बाजूला गेली होती, छताचा एक गाळा आत. दगडी ओटे दिसत नव्हते. कुणालाही ओरखडा आला नव्हता. आबा ढिगाऱ्यासमोर टोपी काढून उभे राहिले. मग लासुर्ण्याच्या दिशेने त्यांनी हात जोडले, अगदी कामाला निघताना माणूस जोडतो तसे.

परीक्षा दोनला संपली. संध्याकाळी मी वाचनकक्षाला कुलूप लावलं. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती.

शनिवारी सकाळी प्राचार्यांनी बोलावून पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं पत्र दिलं. वही आता ऑफिसच्या तिजोरीत ठेवली होती. सतरा तारखेच्या ओळीसमोर सही करायची म्हणून मी ती मागून घेतली.

खाली अठरा तारखेची नोंद होती.

'अ. वाचनकक्ष, पश्चिम भिंत. ०.१.'

०.१ मिलिमीटर. आमच्या व्हर्नियरवर यापेक्षा लहान काही वाचता येत नाही.

वाचनकक्ष तीन वर्षांपूर्वी बांधलेला आहे. मी कुलूप उघडलं. चादरी तशाच होत्या, आत अंधार आणि सोडियमच्या दिव्यांचा जळका वास. एक चादर बाजूला केली. पश्चिम भिंत स्वच्छ, पांढरी. मी ती दोनदा पाहिली. भेग दिसली नाही.

माझ्या खांद्याच्या उंचीवर प्लास्टरचे दोन ठिपके होते. मध्ये एका काचपट्टीएवढं अंतर. काच नव्हती. ती माझ्याच पर्समध्ये होती, वनस्पतिशास्त्राकडून आणलेल्यांतली उरलेली शेवटची.

प्लास्टर ऑफ पॅरिस दहा मिनिटांत दगड होतं.

मी काच टेकवून दाबली. दोन्ही टोकं हळूच आत रुतली.