न सांगितलेलं दुखणं

पावसाची सर चुकवायला तो दारात उभा राहिला. आत, वडिलांच्या बंद दवाखान्यात, ती एकटीच औषधांच्या बाटल्या आवरत होती.

"जागा भाड्याने द्यायचीय का? मीही डॉक्टरच आहे."

"भिजलेल्या डॉक्टरांना आधी टॉवेल देते."

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. कधी खिडकी मापायला, कधी तपासणीचं टेबल बघायला. नजर मात्र... भलतीकडेच. तिला ते कळत होतं. न कळल्याचं सोंग आणायलाही मजा येत होती.

एकदा बाटली पुसता पुसता ती बोलून गेली, "आईला कॅन्सर होता. बाबा तिला शेवटपर्यंत पित्तच झालंय म्हणत राहिले. मलाही तेच सांगितलं. मी आपली परीक्षेचा अभ्यास करत बसले... बाबा गेले, तरी तेवढं माफ करता येत नाही."

त्याने पुढची बाटली पुसायला घेतली. "तेव्हा पेशंटला न सांगणं हीच माणुसकी समजत. शिकवायचेही तसंच. मीही पित्तच म्हटलं असतं."

"म्हणजे चूक नव्हती?"

"होती ना. आईचा निरोप घ्यायचा राहिला, ते काळाच्या माथी मारून कसं चालेल? पण ते खोटारडे नव्हते... एवढंच."

तिने हातातली बाटली फळीवर ठेवली. कितीतरी दिवसांनी बाबांची आठवण रागाशिवाय आली.

दुसऱ्या दिवशी बाबांचे जुने कंपाउंडरकाका सहज म्हणाले, "ते डॉक्टर होय? त्यांनी चौकात केव्हाच जागा घेतलीय की."

संध्याकाळी तो आला.

"खिडकी कालच्याएवढीच आहे," ती म्हणाली. "चौकातली मापून झाली?"

त्याचे कान लाल झाले. "सांगणार होतो. पण तुम्ही दुःखात... जागेला नकार देऊन उगाच त्रास नको, म्हणून—"

"बाबाही हेच म्हणायचे. त्यांना त्यांच्या काळाची सवलत दिली. तुम्हाला कुठल्या काळाची देऊ?"

"कुठल्याच नको." तो हसला. "जागेसाठी मी एकच दिवस आलो. बाकी सगळे दिवस... तुमच्यासाठी."

"बरं होण्यासारखं आहे का?"

"लक्षणं जन्मभराची दिसतायत."

तिने पेशंटचं स्टूल पुढे ओढलं.

"बसा. पहिल्यापासून सांगा. काही लपवू नका."