पाटाच्या वळणावरचा ब्रेक

"तिसऱ्यांदा पडलास ना निवृत्ती, तर तो ब्रेक परत पायाला बसवायचा आन् गाडी आपल्या गड्यानं, भारतनं चालवायची. माझं ठरलंय," भाकरी थापता थापता सावित्रीआजीने जाहीर केलं.

मनालीचा घास हातातच राहिला. दिवाळीच्या सुट्टीला ती आणि तिचा धाकटा भाऊ ललित कालच नाशिकरोडहून मखमलाबादला, आजोळी आले होते. चकल्या कधी होणार एवढीच चौकशी करायची होती, आणि इथे तर वेगळंच काहीतरी शिजत होतं!

झालं होतं असं. फाल्गुनात निवृत्तीमामाचा उजवा पाय ट्रॅक्टरखाली सापडला. हाड जुळलं, पण घोट्याखाली जोर काही आला नाही. आता मोटरसायकलचा मागचा ब्रेक दाबायचा तो नेमका उजव्या पायाने! मळ्यातला झेंडू रोज सकाळी बाजारात नेणं हे मामाचं काम, तेच बंद पडलं. मे महिन्यात मनाली आली होती तेव्हा मामा दिवसभर खाटेवर बसून मोबाइलवर क्रिकेटची मॅच बघायचा, आणि कोण जिंकलं विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. मनालीला ते अजून आठवायचं आणि रडू यायचं.

मग गावातल्या धनराज मिस्त्रीने डोकं लढवलं. पायाच्या ब्रेकचा जोड सोडून त्याने ब्रेक हँडलवर आणला; खालची पट्टी नुसतीच राहिली. क्लचच्या खाली दुसरी छोटी दांडी आणि तिथून मागच्या चाकापर्यंत लांबलचक काळी केबल. मामा पुन्हा बाजारात जाऊ लागला. तिसऱ्याच दिवशी पाटाच्या वळणावर गाडी आपोआप जाम झाली, आणि झेंडूच्या क्रेटांसकट मामा आडवा. पाच दिवसांनी पुन्हा तेच, त्याच जागी.

"मी ब्रेक दाबलाच नव्हता," मामा ताटाकडे बघत म्हणाला.

"मग काय पाटातल्या बेडकानं दाबला?" आजी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, म्हणून कोणी हसलं नाही.

दुपारी मनालीने शेजारच्या बुद्धभूषणला गाठलं. तो आठवीत होता आणि अख्ख्या आळीच्या सायकली दुरुस्त करायचा. तिघे थेट धनराजच्या गॅरेजवर गेले.

"गाडीत काय बी दोष नाय," धनराज हातातला पाना न थांबवता म्हणाला. "दोनदा आणली, दोनदा मी चक्कर मारली. लोण्यावानी पळते. तुमचा मामा घाबरतो, बाकी काय नाय."

"पण का घाबरतो ते विचारलं का तुम्ही?"

"ए पोरी, चकल्या खा जा घरी."

मनालीला त्याचा रागच आला. पण राग आला म्हणून कोडं थोडंच सुटतं? मामा खोटं बोलत नव्हता. धनराजही बहुधा खोटं बोलत नव्हता. मग गाडी पाडत होतं कोण?

मामाला विचारून त्यांनी गाडी ढकलत पाटावर नेली. वळणावर ना वाळू होती, ना तेल. बाजाराला जाताना वळते तशी बुद्धभूषणने गाडी उजवीकडे वळवली. सुरळीत! मग मागे रिकामे क्रेट बांधून वर ललितला बसवलं. तरी सुरळीत.

"मी झेंडू झालो, तरी काही होत नाही," ललित क्रेटवरून म्हणाला.

"गप्प बस," मनाली म्हणाली. घरी येताच तिने विचारलं, "मामा, येताना कधी अडकते?"

"कधीच नाही," मामाने सांगितलं. "फक्त जाताना."

जाताना अडकते, येताना नाही. सकाळी अडकते, दुपारी नाही. मामाकडे अडकते, मिस्त्रीकडे नाही. मनालीने हे वहीत लिहून काढलं, तीनदा वाचलं, आणि तिचा गोंधळ होता त्याहून वाढला.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. उजाडता उजाडता फुलं तोडून झाली, क्रेट बांधले गेले. आजीने रोजच्यासारखी पहिल्या तोडीच्या फुलांची माळ हँडलला बांधली. पहिली फुलं गाडीला, मग बाजारापाशी तीच माळ सोडून मारुतीला, आणि मग बाकीची गिऱ्हाईकाला, हा त्यांच्या घरचा रिवाज. आज माळ लांब होती आणि गाठी दोन जास्त होत्या. मामा चप्पल घालायला गेला. तेवढ्यात गाडी फाटकाबाहेर काढून ठेवावी म्हणून मनाली आणि बुद्धभूषणने ती ढकलली. पण नेहमीच्या वाटेत ललितची सायकल आडवी पडलेली.

"ललित्या!" मनाली ओरडली, आणि सायकल चुकवायला तिने हँडल उजवीकडे वळवलं.

गाडी थांबली. मागचं चाक धुळीत घसटत गेलं, फिरेना! डावीकडे वळवलं, तर फिरलं. पुन्हा उजवीकडे, पुन्हा घट्ट. ब्रेकच्या दांडीला कोणाचा हातही नव्हता.

"काल तर नव्हती अडकत," बुद्धभूषण चक्रावून म्हणाला. "कालच्या आणि आजच्यात फरक काय?"

"काल माळ नव्हती," ललित सायकल उचलता उचलता म्हणाला.

मनाली वाकून बघत राहिली. ती काळी केबल काल हँडलपुढे सैल, वाकडी लोंबत होती. आज ती माळेच्या दोऱ्यात आवळून हँडलला पक्की बसवलेली होती. तिने गाठ सोडायला घेतली.

"माळेला हात लावू नको!" आजी दारातूनच कडाडली. "तिच्यावरच जीव टांगलाय माझा."

तरी मनालीने गाठ सोडली. केबल पुन्हा सैल झाली. हँडल उजवीकडे वळवलं, आणि चाक गरागरा फिरलं.

"आजी, ही केबल तू बांधतेस?"

"लोंबत होती ना. कशात अडकून पडला असता पोरगा, म्हणून दोऱ्यात घेतली. तो पडला, तशी जरा जास्त आवळली." बोलता बोलता आजी थांबली. मग ती ओट्यावर बसली. "म्हंजे मीच पाडला त्याला?"

"हँडल वळवायला ती सैलच लागते, आजी. ज्या दिवशी तू घट्ट बांधतेस, त्या दिवशी ती उजवीकडे वळताना ताणते, आणि ब्रेक आपोआप लागतो. मारुतीपाशी माळ निघाली की गाडी पुन्हा चांगली!"

मामा तिच्या शेजारी बसला. "आई, तू बांधलीस, पण मिस्त्रीनं ती सैल का ठेवलीय ते तुला कुणी सांगितलं होतं?"

बोलावल्यावर धनराज आला. माळ बांधून, सोडून त्याने स्वतः दोनदा खात्री केली आणि मान खाजवली. "दरवेळी माळ निघाल्यावरच गाडी माझ्याकडं यायची. केबल सैल का, ते मी घरात सांगायला पायजे होतं. आन् पोरीला हाकलायला नको होतं. शाब्बास गं! बुद्धभूषण, दिवाळी झाली की गॅरेजला ये. शिकवतो."

"आणि मी?" ललितने विचारलं. "सायकल मीच आडवी टाकली होती!"

"टाकलीस खरी. आजच्यापुरती माफ," मामा हसला.

बाजाराला उशीर होत होता. आजी माळ हातात घेऊन गाडीभोवती फिरली, पण कुठे बांधावी ते तिला उमजेना. हँडलकडे तर तिने हात नेऊन मागे घेतला.

"पायाच्या ब्रेकला बांध," मामा म्हणाला. "त्याला आता काही काम नाही."

"पायाशी? फुलं?"

"माझ्या त्या पायानं लय सोसलंय, आई. त्यालाही जरा मान असू दे."

बुद्धभूषणने वाकून खात्री केली की दोरा कशात अडकत नाही. आजीने त्या रिकाम्या ब्रेकला माळ बांधली, सैल, आणि जाता जाता मामाच्या उजव्या पायावरून हात फिरवला. मामाने गाडी सुरू केली.

पाटाच्या वळणापर्यंत सगळे मागे पळाले. गाडी उजवीकडे वळली आणि झेंडूचे क्रेट घेऊन सरळ बाजाराच्या रस्त्याला लागली.