झाकण लावल्यानंतरचं

आमचा धंदा लाकडाच्या पॉलिशचा. मधमाश्यांचं मेण आणि जवसाचं तेल मंद आचेवर एकत्र करायचं, पातळ असतानाच डब्यांत ओतायचं, निवलं की झाकण लावायचं. पुढे दुकान, मागे शेगडीची खोली. दुकान बायको सांभाळायची, मागची खोली मी. "यांना मेण कळतं, माणसं मला कळतात," असं ती गिऱ्हाइकांसमोरच सांगायची.

रील करायचं डोकं मुलीचं. ती जाहिरातीच्या कंपनीत आहे. "बाबा, लोकांना पॉलिश नको असतं. जुनं टेबल चकाकताना बघायचं असतं." बायकोला त्याची गोडी लागली. फोन स्टँडवर लावायचा. ती डबी उघडायची, फडक्यावर पॉलिश घ्यायची, टेबलाचा डागाळलेला कोपरा गोल गोल घासायची, डबी बंद करायची. बोलायचं काही नाही. मुलगी नंतर शेवट सुरुवातीला असा जोडायची, की झाकण बंद होतं तिथेच ते उघडायला लागायचं. संपलं हे बघणाऱ्याला कळता कामा नये, म्हणजे तो बघत बसतो.

मग बायको आजारी पडली. शेवटी शेवटी तिच्या घशात नळी होती. तिला मला काहीतरी विचारायचं होतं. तिच्या भुवयांवरून मला प्रश्न ओळखू यायचा. ओठ हलायचे, मी कान जवळ न्यायचो, पण शब्द काही कळला नाही. तसाच तो राहिला आणि ती गेली. अजूनही डब्या भरताना मी त्या ओठांना वेगवेगळे शब्द लावून बघतो. एकही बसत नाही.

माल पडून राहायला लागला तेव्हा मुलगी म्हणाली, "आईची एक रील टाकायची राहिलीय. टाकू?"

मी टाक म्हणालो. तिनं टाकली आणि फोन पालथा ठेवला. तिला आईकडे बघवत नव्हतं. मी मात्र माझ्या फोनवर बघत बसलो. डबी उघडली, कोपरा चकाकला, डबी बंद झाली, उघडली.

मागण्या यायला लागल्या. पहिल्यापेक्षा जास्तच. एक दिवस एक बाई दुकानात आल्या. जुन्या खुर्च्या दुरुस्त करून विकायचं त्यांचं काम.

"ताईंनी शेवटी सांगितलं तसं केलं. फडकं आधी कोमट केलं. फारच फरक पडतो हो."

"कुठे सांगितलं?"

"रीलमध्ये. झाकण लावल्यावर बोलतात ना त्या."

मी म्हटलं, त्यात बोलणं नाहीये. बाई माझ्याकडे बघून हसल्या, आणि डब्या घेऊन गेल्या. फडकं कोमट करायची सवय बायकोची होती. पण ती या बाईंना कधी भेटली नव्हती.

दुसऱ्या कुणाची रील पाहिली असेल, असं मी धरून चाललो. मग लेबलं छापून देणारा माझा दोस्त आला. हा आल्या आल्या हसायलाच लागला.

"काय शेठ, वहिनींनी जगासमोर अब्रू काढली तुमची. एवढ्या वर्षांत एक डबी सरळ भरली नाही म्हणे."

"तुझ्या फोनवर दाखव."

त्यानं फोन दोघांच्या मध्ये धरला. डबी उघडली, कोपरा चकाकला, डबी बंद झाली. पुन्हा उघडली. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो ऐकत होता. मध्येच हसला. मग त्याची नजर फोनच्या उजव्या कडेला सरकत गेली, कुणी उठून चालत जावं आणि आपण बघत राहावं तशी. माझ्यासमोर झाकण तिसऱ्यांदा उघडत होतं.

"आता काय चाललंय?" मी विचारलं.

"बघताय ना तुम्ही."

"तू सांग."

"मागच्या खोलीत गेल्या. तुमच्याकडे." त्यानं फोन खिशात टाकला. "डोळ्यांचं बघा जरा शेठ. चष्मा बदला."

मी खरंच जाऊन चष्मा बदलला. नवा फोनही घेतला. फोनच्या दुकानातल्या पोरीला रील दाखवली. ती बराच वेळ कानाशी धरून ऐकत राहिली, शेवटी म्हणाली, "किती गोड बोलतात." काय बोलतात ते मी विचारणार होतो. पण बायको काय बोलते हे परक्या पोरीला विचारायची मला लाज वाटली.

त्यानंतर माणसं बदलली. दोस्त लेबलं घेऊन आला, पण बसला नाही. "मग दुकान मुलीकडे देणार का?" एवढंच विचारलं. खुर्चीवाल्या बाईंनी नेहमीपेक्षा जास्त डब्या मागवल्या आणि चिठ्ठीत लिहिलं, पुढे मिळतील न मिळतील. खोकी न्यायला येणारा कुरिअरवाला कधी दोन शब्द बोलत नसे. तो म्हणाला, "काका, लांबच्या प्रवासाला खाऊन निघावं."

"कसला प्रवास?"

तो खोकं उचलून गाडीकडे गेला.

मला संताप आला. जगाला तिचा आवाज ऐकू येतो आणि मला येत नाही. मी तिचा नवरा. कुणाचं काय बिघडलं असतं मला सांगितलं असतं तर?

रविवारी सकाळी मुलगी आली. मी मागच्या खोलीत डब्या भरत होतो. तिला म्हटलं, "एक काम कर. ती रील बघ, आणि काय दिसतं ते मला सांगत जा."

"बाबा, नको. मीच कापलीय ती. त्यात काही नाही."

"मग बघायला काय हरकत आहे?"

ती स्टुलावर बसली. फोन लावला.

"डबी उघडली. पुसतेय. बंद केली." ती थांबली. "हे मी ठेवलं नव्हतं."

"काय?"

"उठली. फडक्याबद्दल काहीतरी म्हणाली. तुमची चेष्टा करतेय." मुलगी थोडी हसली. तिचे डोळे भरले होते. "दुकानातून आत आली. या खोलीत. तुम्ही डब्या भरताय."

"मग?"

"तुमच्याजवळ उभी आहे."

"बोलते का?"

"विचारतेय तुम्हाला."

"काय विचारतेय?"

फोन तिनं तोंडाच्या अगदी जवळ धरला होता.

"काय विचारतेय, सांग ना."

"तुम्ही हो म्हणालात."

"कशाला?"

"बाबा, तुम्ही लगेच हो म्हणालात. विचारसुद्धा केला नाहीत."

"अगं, पण कशाला हो म्हणालो?"

तिनं फोन बंद केला. माझ्याकडे पाहिलं, मग शेगडीवरच्या पातेल्याकडे. तळाला थोडंसं उरलं होतं. चार-दोन डब्यांपुरतं.

"तुम्ही म्हणालात, एवढं मेण संपलं की येतो."

मी तसं कधी म्हणालो ते मला आठवेना. हातातली डबी अर्धी भरली होती. ती पुरी करायला मी पळी पातेल्यात घातली.

मुलीनं पळी माझ्या हातातून काढून घेतली. कपाट उघडलं, मेणाची एक लादी काढली आणि पातेल्यात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. तेल घालायचं तिच्या लक्षात नव्हतं. वितळलेलं मेण काठावरून शेगडीवर सांडायला लागलं, तरी ती टाकतच राहिली.