प्रांजलआत्याची बुटकी गाडी

"सोड, आत्या! दोन्ही पाय खाली सोड!" सिद्धू ओरडला.

प्रांजलनं श्वास रोखून पाय सोडले. चवडे टेकले, टाचा मात्र हवेतच राहिल्या.

क्रांतीनं जमिनीवर पालथं पडून टाचेखाली बोटं घातली. "पप्पा, अजून दोन बोटं हवीत!"

"दोन बोटं?" बाळासोंनी पाना खाली ठेवला. "आता काय गाडी जमिनीत पुरू व्हय?"

"काका, त्यापेक्षा ताईंच्या चपलेला वीट बांधू!" वीरधवल म्हणाला आणि प्रांजलसकट सगळे हसत सुटले.

उंब्रजला हायवेलगत बाळासोंचं गॅरेज होतं. लष्करातून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी ते काढलं होतं. क्रांती त्यांची मुलगी, वीरधवल पुतण्या. दोघं यंदा सातवीला जाणार होते. सिद्धू आणि त्याची प्रांजलआत्या आटपाडीहून आले होते. सिद्धूचे वडील तानाजी हे बाळासोंचे लष्करातले जोडीदार, अजून नोकरीत असलेले. "माझ्या बहिणीला गाडी पाहिजे, पण तिला बसता येईल अशी," एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

प्रांजलची उंची पावणेपाच फूट. तिनं सायकलीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. पण तिला पशुसखीचं काम मिळालं होतं. माळावर विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन मेंढ्यांना औषध पाजायचं, जखमा बांधायच्या, लसीकरणाला डॉक्टरांच्या हाताशी राहायचं. एक तारखेपासून रुजू व्हायचं होतं, आणि गाडी नसेल तर ते काम दुसऱ्या कुणाला जाणार होतं. स्कूटरची लहान चाकं माळावरच्या दगडांत अडकत. मोटरसायकलवर तिचे पाय पोचत नसत, आणि क्लच सोडला की गाडी आचका देऊन बंद पडे.

म्हणून बाळासोंनी दोन गाड्यांची एक गाडी करायला घेतली होती. मोटरसायकलचा सांगाडा, मोठी चाकं आणि त्यात स्कूटरचं बिनगिअरचं इंजिन! इंजिन बसवायला सांगाड्याचा मागचा भाग त्यांनी नव्यानं जोडला. सीटचा फोम मधोमध कापून खोलगट केला. मूठ पिळली की चालायची, सोडली की थांबायला लागायची, अशी ती गाडी गॅरेजात येणारा प्रत्येक जण वाकून वाकून बघत होता.

"आता एकच उपाय," बाळासो म्हणाले. "शॉकअप आखूड घालायचे. पुढचे फोर्क पण वर सरकवतो. अन् हा डबल स्टँड काढून टाकू, न्हाईतर दगडाला घासंल."

संध्याकाळपर्यंत काम झालं. प्रांजल पुन्हा बसली. या वेळी टाचा जमिनीला टेकल्या, पूर्ण! ती नुसती टाचा उचलून पुन्हा पुन्हा टेकवत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी टेंपोत आडवी-तिडवी बांधून सगळे आटपाडीला निघाले. सुट्टीच होती, त्यामुळे क्रांती आणि वीरधवलही टेंपोत चढले.

माळावर प्रांजल हेल्मेट घालून गाडीवर बसली. "आरटीओचे कागद मंजूर होईपर्यंत रस्त्यावर जायचं न्हाई, इथंच सराव," बाळासोंनी बजावलं. पहिल्या फेरीत ती डगमगली. दोनदा थांबली, दोन्ही पाय टेकले, पुन्हा निघाली. तिसऱ्या फेरीला ती दगडधोंडे चुकवत बांधापर्यंत जाऊन वळून आली!

"लय भारी, आत्या!" सिद्धू उड्या मारत होता.

प्रांजलचे वडील नाथाजी माळालगतच्या घराच्या दाराशी लोकर कातत उभे होते. हातातली चाती गरगर फिरवत त्यांनी नुसतं "हं" केलं. सिद्धू क्रांतीच्या कानात कुजबुजला, "आबांचं 'हं' म्हंजे निम्मा होकार!"

पण दुपारी घात झाला. जेवणं चालली होती आणि बाहेर धाडकन आवाज आला. गाडी उजव्या अंगावर पडली होती. आरसा फुटला होता, मागं बसवलेल्या पेटीतल्या औषधाच्या बाटल्यांचा चुरा झाला होता.

"पैलवानानं धडक दिली असणार," बाळासो म्हणाले. पैलवान म्हणजे घरचा मेंढा. त्यानं एकदा दूधवाल्याची गाडीही पाडली होती.

"आवं काका, पैलवान तर गोठ्यात बांधलाय!" सिद्धू चिडला. "उगं गरिबावर आळ घेऊ नका!"

नाथाजींनी चाती कमरेला खोचली. "कुणी का पाडंना. उभी गाडी जी पडती, ती चालती कशी सांभाळंल ही पोर? उद्या टेंपोतनं परत घेऊन जावा, बाळासो."

प्रांजल काचा वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

मुलं लिंबाखाली जमली.

"मला कळलं!" वीरधवल म्हणाला. "गिअरची गाडी आपण गिअरमध्ये लावून ठेवतो. हिला गिअरच नाहीत. ती उतारावर सरकली असणार, स्टँड मिटला असणार आणि धपकन!"

क्रांतीनं विचार केला. "स्टँड डाव्या बाजूला आहे. तो मिटला तर गाडी डावीकडे पडेल. ही उजवीकडे पडली. आणि मातीत चाकाचा माग कुठाय?"

माग नव्हता. वीरधवलनं डोकं खाजवलं.

"सकाळी इथंच उभी होती की," सिद्धू म्हणाला. "तवा न्हाई पडली!"

"सकाळी पेटी होती का मागं?"

"न्हाई! पेटी आत्यानं जेवायच्या आधी बसवली."

क्रांती ताडकन उठली. "आणा दगड!"

त्यांनी गाडी पुन्हा साईड स्टँडवर लावली, पेटी रिकामी ठेवली. डावीकडून वाऱ्याचा झोत आला. गाडी हलली, पण उभी राहिली. मग पेटीत बाटल्यांच्या वजनाइतके दगड घातले. आखूड शॉकअप आणखी दबले. वीरधवल उजव्या बाजूला हात पसरून उभा राहिला.

"वावटळ आली बघा!" सिद्धू ओरडला. धूळ उडाली आणि गाडी हळूच उजवीकडे कलली!

"धरा! धरा!" वीरधवलनं हँडल छातीवर झेललं. "मेलो! दगड काढा आधी!"

गाडी सावरल्यावर क्रांती धावतच नाथाजींकडे गेली. "आजोबा, तुमची चाती पाच मिनिटं द्याल?"

"चाती? ते का खेळणं हाय व्हय?"

"खेळायला नको. गाडी का पडते ते दाखवायला हवीय. तुम्हीच धरा, हवं तर."

आता मात्र सगळे बाहेर आले. अंगणात तानाजींची उंच मोटरसायकल साईड स्टँडवर उभी होती. नाथाजींनी तिच्या हँडलच्या मधोमध दोरा धरला आणि चाती खाली सोडली. ती ओळंब्यासारखी सरळ लोंबली. चाकापासून चांगली वीतभर डावीकडे!

"म्हणजे ही गाडी डावीकडे स्टँडवर रेललीय," क्रांती म्हणाली. "आता आपली बघा."

बुटक्या गाडीवर चाती लोंबली ती जवळजवळ चाकाच्या मधोमध. वीरधवलनं दगडांची पेटी चढवली तशी चाती चाकालाच टेकली.

"ही रेलतच नाही! ताठ उभी आहे. वाऱ्यानं फुंकर मारली तरी पलीकडे जाईल. पप्पा, तुम्ही गाडी खाली आणलीत. आणि स्टँड?"

बाळासोंचा हात कपाळावर गेला. "स्टँड तेवढाच ठिवला की मी! गॅरेजात गाडी कायम लोखंडी घोडीवर चढवलेली, टेंपोत दोरानं बांधलेली. साईड स्टँडवर उभी करून बघितलीच न्हाई! आरं देवा, इतकी वर्षं पलटणीच्या गाड्या सांभाळल्या अन् गाडीच्या पायाचं माप घ्यायला इसरलो!"

"आता पैलवानाची माफी मागा!" सिद्धूनं ठणकावलं.

बाळासोंनी हसत गोठ्याकडे बघून हात जोडले आणि टेंपोची किल्ली उचलली. आटपाडीतल्या वेल्डिंगच्या दुकानात त्यांनी स्टँड कापून आखूड केला, खाली रुंद पत्रा जोडला म्हणजे मऊ मातीत तो रुतणार नाही. वीरधवलची शंकाही त्यांनी वाया जाऊ दिली नाही. उतारावर गाडी सरकू नये म्हणून ब्रेकच्या दांडीला कुलपासारखा खटका बसवला.

संध्याकाळी गाडी पेटीसकट अंगणात उभी राहिली. आता ती डावीकडे ऐटीत रेलली होती. चाती चाकापासून लांब लोंबली. तेवढ्यात सिद्धूनं पैलवानाला सोडलं!

"आरं, आरं!" बाळासो धावले.

पैलवान आला, गाडी हुंगली, डाव्या बाजूनं शिंगं घासली, खांद्यानं दोनदा रेटलं. गाडी हलली आणि परत आपल्या जागी बसली. कंटाळून तो गवताकडे निघून गेला.

नाथाजी गाडीजवळ आले. "प्रांजल," ते म्हणाले, "वरच्या वस्तीवर तानीबाईची मेंढी लंगडती म्हणत हुते. माळावरनंच जा. अंधार पडायच्या आत ये."

प्रांजलनं हेल्मेट चढवलं. तिचे डोळे चमकत होते.

"थांब, पोरी!" नाथाजी आत गेले आणि काळ्या घोंगडीचा एक तुकडा घेऊन आले. त्यांच्याच हातच्या लोकरीचा, घरच्या मागावर विणलेला. त्यांनी त्याची चौपदरी घडी करून सीटवर ठेवली. "ही पोरं नसती तर मी चांगली गाडी माघारी धाडली असती. डोकं हाय गड्या ह्या पोरीला!"

क्रांती लाजली, पण तिची नजर सीटवर खिळली होती.

"आजोबा, रागावू नका. पण चार पदर नकोत. ताईंच्या टाचा उचलतील."

नाथाजींनी तिच्याकडे बघितलं. मग सावकाश घडी उलगडली, तुकडा एकपदरी पसरला आणि तळहातानं चापून बसवला.

"आता?"

प्रांजल बसली. सगळ्यांच्या माना एकदम खाली वळल्या.

दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. तिनं मूठ पिळली आणि गाडी माळाकडे निघाली.