इझाबेलची मूठ

मसाला कुटायच्या दिवशी कार्मेलिनबाईंनी सगळ्यात आधी जावयाचं तोंड पुसलं.

खरा जावई नव्हे. त्यांना मुलगीच नव्हती. पडवीच्या भिंतीवर बसवलेली ती वीतभर पांढरी पेटी. सरकारी नाव उगममापी. पण वसईच्या त्या आळीत तिला सगळे जावई म्हणत. कारण तो फुकट बसून राहतो, सगळ्याचा वास घेतो, सगळं ऐकतो आणि त्याच्यासमोर घरच्यांना जपून बोलावं लागतं. पेटीच्या खालच्या जाळीतून हवेतले वासकण आत शिरत आणि वस्तू कुठल्या झाडाची, कुठल्या मातीतली, ते तिला कळे. वर बारीक छिद्रांचा कान होता. त्यातून ती माणसांचं बोलणं, गाणं, कुटण्याचा ठेकासुद्धा टिपून घेई आणि जगभरच्या नोंदींशी ताडून पाही.

"घासून घासून रंग काढाल त्याचा," अंगणात लाकडी उखळ धूत काशी म्हणाली. ती दर मे महिन्यात मुसळ घेऊन जव्हारकडून कुटायला यायची. तिच्याआधी तिची आई यायची. "मी माझ्या धन्याचं तोंड कधी एवढं पुसलं नाय."

"तुझ्या धन्यावर सरकारी शिक्का आहे का?"

"शिक्का नाय. वास हाय. जावयाला बरोबर येईल."

कार्मेलिनबाई हसल्या. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. तीन दिवस ऊन खाल्लेल्या मिरच्या सुपात खुळखुळत होत्या. मसाला भरायच्या बिअरच्या तपकिरी बाटल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. आणि यंदा घरात सून होती.

सलोमी आतून आली ती हातात कापडी पुरचुंडी घेऊन. ती झारखंडची, गुमला जिल्ह्यातली. वसईत नर्स म्हणून आली, कार्मेलिनबाईंच्या मुलाशी, ऑल्विनशी तिचं जमलं. लग्नानंतर महिन्याभरात ऑल्विन जहाजावरच्या नोकरीवर परत गेला आणि सासू-सून दोघीच उरल्या.

"आई, हे चालेल ना? फुटकलचा पाला आहे. आमच्याकडे झाडाचे कोवळे कोंब वाळवून ठेवतात. आंबट असतं."

कार्मेलिनबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवला. डोळा बारीक केला. "चालेल? अगं, माशाला तर हे हवंच होतं. कुणी दिलं?"

"माझ्या आजीनं. बिर्सी नाव तिचं."

"मग शेवटची मूठ बिर्सीची."

या तुस्कानो घराची ती रीत होती. मसाल्यात पदार्थ एकवीस. प्रत्येक पदार्थाची पहिली मूठ उखळात पडताना तो ज्या बाईनं किंवा बाप्यानं या घराला दिला त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव घेतलं की काशीनं मुसळ उचलायचं. नाव चुकलं तर मसाल्याला कीड लागते, असं सासवा सांगत आल्या. आणि नव्या सुनेनं माहेरची एक मूठ आणायची. अशीच वाढत वाढत ती एकवीस झाली होती. यंदा बाविसावी.

एरवी हे सगळं घरातल्या घरात व्हायचं. यंदा ते जावयासमोर करायचं होतं, साक्ष म्हणून.

उगमहक्काचा कायदा आला तो वाईट हेतूनं नव्हे. दोनचारशे वर्षं जग लुटून नेणाऱ्यांकडून ज्याचं त्याला मिळावं, म्हणून गरीब देश भांडले आणि जिंकले. मूर्ती परत आल्या, सोनं परत आलं. लोकांनी पेढे वाटले. मग वकील आले. वकिलांच्या मागून कंपन्या आल्या. मूर्तीला मालक असतो तर पदार्थाला का नको? नाचाला, ठेक्याला, रफूच्या टाक्याला का नको? ठरलं: प्रत्येक रीतीचा उगम नोंदवायचा. ज्याचा उगम, त्याचाच ती करण्याचा आणि शिकवण्याचा हक्क. ज्या रीतीवर मुदतीत कुणाचा हक्क ठरणार नाही ती बेवारस, आणि बेवारस रीत मागेल त्या कंपनीला. न्याय मागायला गेलेल्या माणसाला कचेरीतून बाहेर येईपर्यंत आरोपी करायचं, ही विद्या आपल्याकडे मुरलेलीच आहे. तिला फक्त नवी पेटी मिळाली.

कार्मेलिनबाईंना यातलं एवढंच कळलं होतं की खरं सांगायचं. त्या जावयासमोर उभ्या राहिल्या आणि चर्चमध्ये वाचन करतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"पहिली मूठ मिरचीची. इझाबेलची."

मुसळ उठलं, धप्पकन पडलं.

इझाबेल कोण, ते त्यांना सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी धरून आणलेली बाई. वसईच्या किल्ल्यात कुणा कप्तानाच्या घरी रांधायला होती. तिचं खरं नाव विचारायची कुणाला गरज वाटली नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून काढली आणि नाव इझाबेल ठेवलं. विहिरीवर तिची या घरातल्या एका बाईशी ओळख झाली. मिरची किती वाळवायची, कशाबरोबर कुटायची, ते तिनं शिकवलं. बदल्यात काय देऊ विचारल्यावर म्हणाली, कुटशील तेव्हा माझं नाव घे. माझं नाव घेणारं इथं कुणी नाही.

"दुसरी मूठ धन्यांची. सोपाऱ्याच्या शिरीनबाईची." तिचा नवरा व्यापाराची गलबतं बंदराला लावायचा. "तिसरी हळदीची. ठकू वाडवळणीची." "चौथी दगडफुलाची. भटकत आलेल्या राधा वंजारणीची." नावं येत गेली, मुसळ पडत गेलं. खसखस एका गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याची. एकविसावी मूठ कार्मेलिनबाईंनी आणलेली, बसऱ्याच्या वाळवलेल्या काळ्या लिंबाची. त्यांचे वडील तिथल्या बंदरात फिटर होते. घरमालकीण उम्म हसन दर सुट्टीला पिशवी भरून द्यायची. लग्नात त्यांनी माहेरचं म्हणून तेच आणलं, आणि नाव उम्म हसनचंच घेत आल्या.

"आणि बाविसावी, बिर्सीची."

सलोमीनं पुरचुंडी सोडली. तेवढ्यात जावई टिंग वाजला आणि म्हणाला, "नमुना एकवीस घटकांचा. साक्ष पूर्ण."

"बाविसावी राहिली की रे," कार्मेलिनबाई म्हणाल्या. पेटी गप्प. "बरं, निकाल लागू दे. मग घालू." पुरचुंडी फडताळात गेली. त्यांनी पेटीला पुन्हा फडकं मारलं. "नीट ऐकलंस ना बाबा सगळं?"

नीट ऐकलं होतं. पंधरा दिवसांनी उगम निबंधक कार्यालयाचे ठोसर दारात आले. मध्यमवयीन, घामाघूम, पोटाशी फाइल धरलेला माणूस. लिंबूपाणी संपेपर्यंत त्यांनी फाइल उघडली नाही.

"मावशी, निकाल बेवारस आलाय."

"म्हणजे?"

"एकवीस घटक. एकवीसही तुम्ही दुसऱ्याचे म्हणून कबूल केलेत. तुमचा हिस्सा शून्य."

"कबूल काय केले? चोरी केली का मी? दिले त्यांनी!"

"तेच. घेतलेलं आहे, असं तुम्हीच म्हणालात. रेकॉर्डवर आहे."

"पण पेटी वास घेते ना? मिरची कुठली, लिंबू कुठलं, तिला कळतं ना?"

"माल कुठला ते तिला कळतं. मालाला आता कोण विचारतो, सगळं सगळीकडे पिकतं. रीत कुणाची, ते मात्र तोंडी साक्षीवर ठरतं." त्यांनी पान उलटलं. "वीस जणांचा कुठेच पत्ता नाही. तुमची शिरीनबाई, ठकू, कुणाच्याच वारसांचा दावा नाही. फक्त एक नाव सापडलं. इझाबेल."

कार्मेलिनबाई उठून उभ्याच राहिल्या. "सापडली? कुठं? तिची माणसं आहेत?"

ठोसरांनी मान खाली घातली. "परदेशातल्या जुन्या दप्तरात एका जहाजाची यादी आहे. हस्तिदंत, कापड, आणि बायका चार. त्यात हे नाव. वसईला उतरवलेली. ज्या व्यापारी पेढीचं ते जहाज होतं, तिची वारस म्हणून एक मसाल्याची कंपनी आहे आज. तिनं हरकत घेतलीय. इझाबेल त्यांच्या दप्तरात आहे, म्हणून इझाबेलची रीत त्यांची. बाकीची वीस बेवारस, तीही त्यांनीच मागितलीत."

सलोमीनं विचारलं, "ज्यांनी तिला विकलं, त्यांना?"

"कागद त्यांच्याकडे आहे ना," ठोसर म्हणाले.

हेच ते. लुटणाऱ्यानं लुटीची यादी नीट ठेवली आणि लुटलेल्यानं नुसती आठवण ठेवली. आता जग कागदाला मानतं. चारशे वर्षांपूर्वी बाई नेली, आता तिची मूठही नेणार, आणि याला नाव काय, तर न्याय.

"मग आम्ही काय करायचं?" कार्मेलिनबाईंनी विचारलं.

ठोसरांनी जावयाकडे पाहिलं, मग अंगणात जायची खूण केली. विहिरीजवळ येऊन ते हळू बोलले. "फेरसाक्ष देता येते. एकदाच. सोमवारी मुदत संपते. पुन्हा कुटा आणि काहीही विचारलं तरी एकच म्हणा, आमची. मूळ घराची रीत, बाहेरून काही घेतलं नाही. कंपनीचा दावा तुमच्या कबुलीवर उभा आहे. ती मागं घेतली की पडतो."

"खोटं बोलू?"

"मावशी, माझ्या विभागात तीनशे चाळीस रीती हिरव्या दिव्यानं मंजूर झाल्या. त्यातली एकही खरी साक्ष नाही. खरं बोललेल्या तुम्ही पहिल्या." त्यांचा चेहरा ओशाळला. "माझ्या आईची पुरणपोळीसुद्धा अशीच हिरवी केली मी. आणि ध्यानात ठेवा, नोंद झाली की मसाला बंद. एकवीस म्हणजे एकवीसच. पुढं काही घालायचं नाही."

तीन दिवस कार्मेलिनबाई नव्या मिरच्या उन्हात पसरत आणि मनाशी तोलत राहिल्या. खरं सांगावं, तर इझाबेल तिच्या धन्याच्या घरी परत जाते आणि सलोमीला मसाला शिकवणं गुन्हा ठरतं. खोटं सांगावं, तर मसाला घरात राहतो, पण इझाबेल कुठंच राहत नाही. त्या यादीत ती माल होती. साऱ्या जगात ती बाई होती ती फक्त या अंगणात, वर्षातून एकदा, एका वाक्यापुरती.

"तुम्ही सांगा काय ते," सलोमी म्हणाली. "मी काहीही शिकेन."

"तू शिकशील गं. मी काय शिकवू ते कळत नाही."

सोमवारी निरोप धाडून बोलावलेल्या काशीनं पुन्हा उखळ मांडलं. जावयाचं तोंड कुणी पुसलं नाही. कार्मेलिनबाईंनी मिरचीची मूठ घेतली. ती उखळावर धरली आणि हात तिथंच राहिला. इतक्या वर्षांची जिभेची सवय. ओठ आपसूक 'इ'साठी ताणले गेले. वर पेटीच्या कानाशी बारीक दिवा लुकलुकत होता.

"घटक एक. उगम सांगा," जावई म्हणाला.

"आमची," त्या म्हणाल्या.

मुसळ उठलंच नाही. काशी थांबून होती, तिला अजून नाव ऐकू आलं नव्हतं.

"कूट," कार्मेलिनबाई म्हणाल्या.

"नाव?"

"कूट म्हणते ना तुला!"

काशीनं कुटलं. धने, आमचे. हळद, आमची. राधेचं दगडफूल, आमचं. नावाशिवाय ठेका बसेना; मुसळ कधी उखळाच्या काठावर आपटे, कधी रिकामं पडे. उम्म हसनचं काळं लिंबू, तेही आमचं. एकवीस वेळा त्या आमची म्हणाल्या. जावई टिंग वाजला. दिवा हिरवा झाला.

"रीत नोंदवली. उगम, तुस्कानो घराणे. बाह्य देणे, निरंक. यापुढे बदल अमान्य."

काशीनं मुसळ भिंतीला टेकवलं. "बाय, पुढल्या साली मला बोलवू नका," ती म्हणाली. "तुमच्या उखळात माझ्या आयशीचंबी काय नाय म्हणं."

ती हात धुऊन निघून गेली. चहाही घेतला नाही. कार्मेलिनबाई बाटलीत काठीनं मसाला दाबत बसल्या, मान वर न करता. सलोमी फडताळापाशी उभी होती. तिनं बिर्सीची पुरचुंडी काढली, हुंगली, तिची गाठ आणखी घट्ट केली आणि ती स्वतःच्या बॅगेत, नर्सच्या गणवेशाखाली ठेवली. मग येऊन सासूशेजारी बसली, जावयाच्या बरोबर खाली, आणि दुसरी बाटली भरू लागली.

बाटली भरता भरता तिनं विचारलं, हळूच, पण पेटीला ऐकू जाईल इतकं.

"आई, उद्या माझी सून विचारेल, तुझी मूठ कुठली. तिला काय सांगू? या घरात मी रिकाम्या हातांनी आले होते?"